पिकअपचे दात कसे मोजावेत

बैल कसा घ्यावा हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. जबडा उघडायचा आणि दात मोजायचे: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खूर, वशिंड, अंगावरचा भोवरा नेमका कुठं आहे ते. चार पावलं चालवून बघायचा, आणि भाव ठरवायचा तो रुमालाखाली, बोटं धरून, म्हणजे शेजारी उभ्या माणसालाही कळू नये. ही विद्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बापाकडून पोराकडे येते. कंधारनं लाल कंधारी दिली, देवणीनं देवणी दिली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या नावावर गुरांच्या दोन नामांकित जाती आहेत, एवढं इथल्या माणसाला जनावर कळतं.

आता त्याच दावणीला पिकअप उभी राहते. तिचं बॉनेट उघडलं तर आत दात नाहीत, भोवरा नाही, आणि चार पावलं चालवून बघायची म्हटलं तर शोरूमवाला लायसन मागतो. माणूस अडाणी ठरतो तो इथं. ही अडचण ओळखून, २०२३ च्या दसऱ्याला स्वतः पिकअप घेतलेल्या माणसाच्या अधिकारानं, पुढील मार्गदर्शन करत आहे. गाव अहमदपूर तालुक्यातलं, पासिंग लातूरचं, सासुरवाड लोह्याकडची. म्हणजे गाडी एमएच २४ आणि तिचं निम्मं आयुष्य एमएच २६ मध्ये जातं. महामार्ग ३६१ वर ती कुठल्या जिल्ह्यात आहे हे पाटी न बघताही कळतं. टपरीवरच्या माणसानं 'कुठं जाऊलालाव?' विचारलं तर अजून लातूर, 'कुठं जायलाव?' विचारलं तर नांदेड लागलं.

पिकअप 'ती' की 'तो' याचा निकाल मात्र लागलेला नाही. शोरूममध्ये ती 'ती' असते. माझे वडील, आबा, पहिल्या दिवसापासून तिला 'तो' म्हणतात. दावणीला बांधतात तो बैल, एवढं त्यांचं व्याकरण आहे.

प्रथम जात ठरवावी. ढोबळ जाती दोनच: पिवळ्या पाटीची आणि पांढऱ्या पाटीची. पिवळी कमावते, पांढरी दिसते. पिवळ्यात पोटजाती पुष्कळ. २००५ मध्ये टाटाची एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटलं आणि कंपनीनं ठेवलेलं नाव मोडीत निघालं. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१७ मध्ये टाटाची योद्धा. पण आमच्याकडं पिकअप म्हटलं की महिंद्राची बोलेरो, जशी वनस्पती तुपाला डालडा. पांढऱ्यात इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून आहे. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. तिची किंमत जाहीर व्हायच्या आधीच मागणी एवढी झाली की कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. किंमत माहीत नसताना बयाणा द्यायची पद्धत आमच्याकडं फक्त सोयरिकीत आहे. नंतर किंमत कळली: ३३ लाख ९९ हजारांपासून पुढं. हौद्यात मात्र बोलेरोच्या निम्माही माल अधिकृतपणे बसत नाही. ती माल वाहण्यासाठी नसते. लग्नाच्या मांडवाबाहेर आडवी लावण्यासाठी असते.

आपली जात कोणती, यासाठी एकच परीक्षा सांगतो. डोळे मिटावेत आणि त्या हौद्यात पाटीपाटीनं शेणखत भरलं जातंय असं चित्र मनात आणावं. काळजात कळ आली तर गाडी पांढऱ्या पाटीची आहे, आणि ती आपल्याला परवडत नाही.

रंगाचा विचार करण्यात वेळ घालवू नये. देवणीत वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार आहेत आणि त्यावरून पारावर भांडणं लागतात. पिकअपमध्ये सेल्समन रंगांचं कार्ड दाखवतो आणि मिळते पांढरी. पहिल्या पावसात पाणंदीच्या काळ्या मातीचे शिंतोडे खालून उडाले की ती आपोआप बालंक्या होते.

शोरूमला एकट्यानं जाऊ नये. बैलबाजाराला जशी माणसं नेतात तशी न्यावीत: एक जाणता, एक खोड काढणारा, एक 'चला, उठा' म्हणणारा आणि एक उठल्यावर परत बसवणारा. खोड काढायला मी मेहुण्याला नेलं. त्यानं काच खाली-वर करून 'काच जड जातीय' एवढी एकच खोड काढली आणि मग एसीत झोपला. भाव करायला आबा होते. सेल्समन विशीतला, गळ्यात टाय. मला 'सर' म्हणाला आणि आबांना 'अंकल'. आबांनी खिशातला रुमाल काढला, त्याच्या पंजावर टाकला आणि खालून त्याची चार बोटं धरून दाबली. म्हणजे चाळीस हजार कमी कर. पोरगं पांढरंफटक पडलं. म्हाताऱ्याला चक्कर आली असं समजून त्यानं पाणी मागवलं, खुर्ची दिली आणि मॅनेजरला हाक मारली. आबांना वाटलं बोटं पटली नाहीत. त्यांनी एक बोट सोडलं. पाण्याच्या जोडीला ग्लुकोजची पुडी आली.

शोरूमचं नाव सांगत नाही. पण तिथं रुमालाऐवजी कोटेशन असतं. ते खालून वर वाचावं. वरची ओळ एक्स-शोरूम किमतीची, ती खरी असते. मग विमा, पासिंग, फास्टॅग, ॲक्सेसरीज किट. किटमध्ये चिखलाच्या पट्ट्या, सीट कव्हर आणि एक गणपती. माझ्या कोटेशनमध्ये अगदी तळाला 'इतर' अशी ओळ होती, सहा हजार रुपयांची. इतर म्हणजे काय, विचारलं. तो अदबीनं म्हणाला, 'सर, मिसलेनियस.' शंका फिटली म्हणून मी सही केली.

मुहूर्त कोणता धरावा? याबाबत २०२५ साल नमुनेदार होतं. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेला. पितृपक्षात कुणी गाडी घेत नाहीच, आणि त्या वर्षी तर पितरांच्या जोडीला अर्थ खातंही थांबा म्हणत होतं. पंचांग आणि सरकार यांचं असं एकमत क्वचितच होतं. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस इतका कोसळला की सोयाबीन उभ्या जागी सडलं. दहा टक्के वाचवायला लागणारे उरलेले नव्वद टक्के पाण्यात गेले. तेव्हा मुहूर्त बघताना घटाइतकंच वावराकडंही बघावं.

कर्जासाठी फायनान्सवाला उत्पन्न विचारतो. त्याला हमीभाव सांगावा. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा क्विंटलमागे ५,३२८ रुपये होता. मोंढ्यातला भाव सांगू नये. कर्ज हमीभावावर मंजूर होतं आणि हप्ता मोंढ्यातल्या भावावर फेडावा लागतो, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात घडतात याचं नवल वाटून घेऊ नये. हप्त्याची तारीख शक्यतो पाच मागावी. पट्टी हाती यायला आडत्याकडं चार दिवस जातातच.

डिलिव्हरीच्या दिवशी पाच लिंबं न्यावीत. चार चाकांखाली चार, पाचवं स्टेपनीला बांधायला. तिच्यावरच पुढं जास्त वेळ येणार असते. पुठ्ठ्याची हातभर चावी हातात देऊन फोटो काढतात, तेव्हा पोट आत घ्यावं. हा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकायचा की नाही, हा संपूर्ण मालकीतला एकमेव निर्णय आहे जो खरोखर आपल्या हातात असतो. मी टाकला. गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडून अजून रस्त्याला लागली नव्हती, तोवर पहिला फोन आला. साडू होते. 'अभिनंदन, पाव्हणं! परवा मोकळीच हाय न्हवं गाडी?'

त्याआधी चालवायला शिकावं. लायसनची चिंता नको. हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्का मारला आहे. पण घटनापीठानं गंजगोलाईत रिव्हर्स घेऊन बघितलेला नाही. लातूरच्या या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधे देवीचं मंदिर, भोवती दुकानं, आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी कुणीतरी उलटं शिरलेलं. नवशिक्यानं आत गेल्यावर पहिली फेरी देवीची प्रदक्षिणा समजून घालावी. दुसऱ्या फेरीत आपला रस्ता ओळखावा. तिसऱ्या फेरीत तो मागं गेलेला असतो. मी पहिल्या दिवशी पाच प्रदक्षिणा घातल्या. भांड्यांच्या दुकानापुढचा एक माणूस चौथीनंतर मला हात जोडायला लागला.

मग गाडीच्या अंगाखांद्यावर साज चढवणं. हौद्याला जाळी, फाळक्याला जादा साखळी, वर ताडपत्रीसाठी कमानी. मागं काय लिहावं यावर घरात एकमत होऊ देऊ नये, झालं तर ते आपल्याविरुद्ध होतं. आईला माहूरची रेणुकामाता हवी, आबांना माळेगावचा खंडोबा, पोराला इंग्रजीत 'किंग'. रेडियमवाल्यानं तिन्ही लिहून दिलं आणि अक्षरांवर पैसे लावले. खऱ्या मालकाचं नाव मात्र रेडियममध्ये नसतं. ते आरसी बुकात बारीक टायपात असतं: फायनान्स कंपनीचं.

आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवणं. इथं नवख्यानं लक्ष द्यावं, कारण सगळी गोम इथंच आहे. माझी गाडी १.७ टनाची. सोयाबीनचा कट्टा ६० किलोचा धरला तर कागदावर २८ कट्टे. मोंढ्यात हा आकडा कुणाला माहीत नाही. हमाल कट्टे मोजत नाही, तो टायरकडं बघतो. टायर जोवर गोल दिसतं तोवर गाडी रिकामी. अठ्ठाविसाव्या कट्ट्याला मी 'बस्स' म्हणालो तर तो पाठीवरच्या कट्ट्यासह थांबला आणि विचारलं, 'काय झालं, मालक? बिघडलीय का?' त्या दिवशी ४१ गेले. जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. त्यावर गावानं काढलेला उपाय असा की मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे टाकायचे. त्यानं वजन कमी होत नाही, दंडही नाही. फक्त मागून बघणाऱ्याला गाडी ताठ दिसते. बैलाला मार लागला तरी मान वर धरायला लावावी, तसं.

पाण्याचंही एकदा सांगून टाकतो. उन्हाळ्यात प्रत्येक पिकअपवर प्लॅस्टिकची टाकी चढते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्यानंतर इथला माणूस टाकी लहान घेतच नाही. दोन हजार लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच दोन टन. पाण्याला मात्र ओव्हरलोड म्हणायची हिंमत अजून कुठल्या तपासनाक्याला झालेली मी बघितली नाही.

ड्रायव्हर ठेवायचा तर सालगड्याच्या हिशेबानं ठेवू नये. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला सुटतो. ड्रायव्हर अमावास्येला ठरतो आणि ऐन सोयाबीनच्या काढणीत, शेजाऱ्याकडं दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून सुटतो. मग आपण चालवतो. मग मालक कोण आणि गडी कोण, हे भाडं ठरवणारे लोक आपल्या तोंडावर ठरवतात. 'तुमच्या मालकाला सांगा, एवढं जमणार नाही,' असं मला नांदेडच्या नव्या मोंढ्यात एका व्यापाऱ्यानं सांगितलं. मी सांगतो म्हणालो.

भाडं मात्र परक्याचंच घ्यावं. नात्यातल्या फेरीला भाडं नसतं, 'डिझेलचं बघू की' असतं. अर्धापूरहून केळी आणली तर परका पैसे देतो. सोयरा केळीचा फणा देतो. पुतणीच्या संसाराचं सामान, म्हणजे कपाट, दिवाण, कूलर आणि सर्वात वर उलटी बांधलेली खुर्ची, मी लोह्याहून उदगीरला पोहोचवलं, आणि निरोप घेताना दाजींनी माझ्या खिशात बळंच काहीतरी कोंबलं. गाडीत बसून बघितलं तर टॉवेल-टोपीचं पाकीट होतं. टोपी आता डिपस्टिक पुसायला आहे.

या सगळ्यात अवघड दिवस येळवसेचा. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर जिल्ह्यात घरं ओस पडतात आणि वावरं भरतात. शहरातली दुकानंसुद्धा बंद, माणसं कडब्याच्या कोपीपाशी, चुन्यानं रंगवलेल्या पाच पांडवांपुढं. बाहेरच्या जिल्ह्यातला अधिकारी त्या दिवशी लातुरात आला तर त्याला संचारबंदी लागलीय असं वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये आमची पहिली येळवस होती, म्हणजे गाडीची. माळेगावची यात्रा त्याच तिथ्यांना भरते, त्यामुळे लोह्याकडच्यांना घोडेबाजाराला जायला गाडी हवी होती आणि इकडच्यांना वावरात जायला. मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, नाही म्हणालो. ते वाक्य मी फोनवर उभं राहून बोललो होतो, हे मला आठवतं.

सकाळी अंगणात भावकी जमली. हौद्यात माणसं बसवू नयेत, हे मी इथं स्पष्टपणे सांगतो: मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे आणि काही झालं तर विमा पैसाही देत नाही. त्या सकाळीही मी हे दोनदा सांगितलं. चुलती म्हणाली, 'व्हय बाबा, खरं हाय,' आणि फाळक्यावर पाय देऊन वर चढली. मागून भज्जीचं पातेलं, उंड्यांची टोपली, खिरीची कासंडी, सतरा पोरं. आंबिलीचं बिंदगं मात्र कुणाच्या मांडीवर द्यायला आई तयार होईना. ते पुढच्या सीटवर बसवलं, घोंगडी पांघरली आणि मी त्याला सीटबेल्ट लावला. त्या गाडीत त्या दिवशी सीटबेल्ट लावलेला तो एकटाच प्रवासी होता. पाणंदीच्या दुसऱ्या खड्ड्याला बेल्टानं आपलं काम चोख केलं. बिंदगं जागचं हललं नाही, आंबील तेवढी हलली. ताक आणि ज्वारीच्या पिठाचा तो वास महाशिवरात्रीपर्यंत एसीतून येत होता. ॲक्सेसरीज किटमधल्या गणपतीच्या डोळ्याला आंबील लागली होती, ती वाळून तशीच आहे.

देखभालीबद्दल पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं: ऑइल कधी, फिल्टर कधी. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, मग दरवर्षी. ती पुस्तिका वाचावी, मी वाचलेली नाही. खोड माणसाच्या हातालाच सापडते हे मला पोळ्याला कळलं.

२०२४ चा पोळा पावसात होता. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. आबांनी बैलजोडीचे खांदे हळद-तुपानं चोळले आणि उरलेली वाटी घेऊन ते अंगणात आले. ताडपत्रीखाली पिकअप उभी होती.

'याचा खांदा कुठं असतो?' त्यांनी विचारलं.

मी हसलो. मग सुचेल ते सांगितलं: ओझं मागच्या पाट्यांवर पडतं. आबा गुडघ्यावर बसले, मग चिखलात आडवे झाले आणि हात आत घातला. बैलाच्या मानेखाली हात फिरवतात तसे ते एकेक पाटा चाचपत गेले. मी बॅटरी धरून उभा होतो. वरून तिसऱ्या पाट्यापाशी त्यांचा हात थांबला, बोट मागं आलं, परत तिथंच गेलं. त्यांनी मला बोलावून माझं बोट तिथं टेकवलं. केसाएवढी चीर होती, आरपार.

'खांदा आलाय याचा,' आबा म्हणाले आणि उरलेली हळद-तुपाची वाटी त्या चिरेवर निपटली. 'चार दिवस जुंपू नका.'

एक सप्टेंबर होती. हप्ता पाचला होता.